प्रार्थनामंदिर ते नाट्यमंदिर : संगीत रंगभूमी आणि तिचा ऑर्गन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हन परगण्यात, बिअर नावाचे मच्छीमारांचे एक गाव आहे. तेथील काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्ये एका चित्रपटगृहाचा ऑर्गन येऊन बसला. वुर्लिट्झर कंपनीचा हा ऑर्गन १९२५ मध्ये वॉल्सॉल शहराच्या पिक्चर हाउसमध्ये मूकपटांच्या साथीसाठी वाजू लागला होता. पुढे पडदाच बोलू लागल्यावर मूकपटांच्या साथीचे काम संपले, आणि १९५० च्या दशकात त्याच्या नळ्या, भाते आणि पट्ट्या सुट्या करून तो चर्चमध्ये उभा करण्यात आला. अमेरिकेत आणि युरोपात अशी स्थलांतरे बरीच झाली. करमणुकीसाठी घडवलेली वाद्ये उपासनेच्या कामी आली.

महाराष्ट्रात हा प्रवास उलट दिशेने झाला. येथे ऑर्गन आधी प्रार्थनेत वाजला, मग नाटकात आला, आणि नाटकात असा रुळला की संगीत नाटकाची पहिली घंटा झाल्यावर कानाला त्याच्याच सुराची अपेक्षा असते. हा ऑर्गन नळ्यांचा नव्हे, पायाने भाता चालवायचा, पितळी रीडचा. नाटकवाल्यांच्या तोंडी त्याला कधी पायपेटी म्हणत, कधी नुसतेच ऑर्गन. संगीत रंगभूमीचे इतिहास नटांच्या आणि नाटककारांच्या नावांनी लिहिले गेले, ते योग्यच आहे. या लेखात तोच इतिहास रंगमंचाच्या कडेला बसलेल्या साथीदाराच्या बाजूने मांडला आहे. गंधर्व नाटक मंडळी त्याच्या मध्यभागी आहे, कारण ऑर्गनला या रंगभूमीवर कायमचे घर मिळाले ते याच मंडळीत.

पूर्वपीठिका : १८४२ ते १८८०

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. मोठ्या चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन असे. तो बांधायला कारागीर, जागा आणि भरपूर पैसा लागे. लहान गावातल्या उपासनेला तसे वाद्य परवडणारे नव्हते. रीडच्या वाद्याने ती गरज भागवली. पातळ पितळी जीभ वाऱ्याने थरथरते आणि सूर निघतो. नळीची गरजच उरत नाही.

युरोपातल्या हार्मोनियममध्ये भाता हवा दाबून रीडमधून बाहेर ढकलतो. अमेरिकेतल्या कारागिरांनी हे उलटे केले. त्यांच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढून घेतो आणि रीडवरून वारा शोषला जातो. त्यामुळे सुराची कडा मऊ होते, नाद गोल आणि घुमारदार येतो. व्हर्माँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावची एस्टी कंपनी आणि १८५४ मध्ये बॉस्टनला सुरू झालेली मेसन अँड हॅमलिन ही या धंद्यातली दोन मोठी नावे. एकट्या एस्टीने आपल्या हयातीत पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. घडी घालून पेटीसारखे उचलून नेता येणारे छोटे ऑर्गनही अमेरिकेत तयार झाले; ते सैन्यातल्या पाद्र्यांसाठी आणि परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यांसाठी.

मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ मध्येच मुंबईला पोहोचले होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात. हे मिशनही काँग्रिगेशनल परंपरेचेच होते, म्हणजे बिअर गावच्या त्या चर्चच्या नात्यातले. मिशनऱ्यांच्या बंगल्यांतून, शाळांतून आणि उपासनेतून पायाने वाजवायची पेटी मराठी कानांवर पडू लागली. दुसरीकडून मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांनी तीच पेटी रंगमंचाजवळ आणून ठेवली होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी बाजारात आणली, तेव्हा ती घरोघर गेली. नाटकात मात्र पायाच्या पेटीची मातब्बरी टिकून राहिली. त्याचे कारण साधे आहे: भाता पायाकडे गेला की दोन्ही हात मोकळे राहतात.

१८८० चे दशक : सारंगीची साथ

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचा पाया घातला गेला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. सूत्रधाराने गावे आणि पात्रांनी बोलावे ही जुनी रीत मागे पडली. पात्र स्वतः गाऊ लागले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि नंतर भाऊराव कोल्हटकर यांच्या गळ्यांनी महाराष्ट्र वेडा झाला.

साथीला सारंगी आणि तबला असे. भाऊरावांच्या तारस्वराला सारंगीची जोड मिळे. गळ्याची प्रत्येक हरकत उचलण्यात सारंगीचा हात कोणी धरू शकत नाही. पण नाटकगृहाच्या काही अडचणी होत्या. ध्वनिवर्धक नव्हते. पिटातले प्रेक्षक गलका करत. रात्री दहाला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. पावसाळी हवेत तारा उतरत आणि पदाच्या ऐन आधी सारंगी मिळवत बसायला वेळ नसे. नटाला हवा होता एक अखंड, न हलणारा, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आधारस्वर.

अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले. मंडळी मोडली नाही. पुढच्या पिढीने ती निष्ठेने चालवली आणि गोविंद बल्लाळ देवलांनी ‘मृच्छकटिक’ आणि ‘शारदा’ या नाटकांनी तिला नवे बळ दिले.

१८९० चे दशक : चर्चमध्ये अभंग, रंगमंचावर पेटी

या दशकातल्या दोन गोष्टी इतिहासकारांनी फारशा शेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी चर्चच्या गाण्याचे रूप बदलू लागले. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या जिभेवर नीट बसत नाहीत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी अभंग आणि भजने लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाला जोर दिला. अहमदनगर, सोलापूर भागातल्या उपासनेत टाळ आणि तबला शिरले.

म्हणजे चर्च वारकऱ्यांच्या वाटेकडे वळत होते त्याच काळात नाटक चर्चच्या वाद्याकडे वळत होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’ नाटकाने १८९६ मध्ये पारशी आणि गुजराती रंगभूमीवरच्या चाली मराठीत आणल्या. या चालींना ठसठशीत लय आणि सलग सुरावट लागे, आणि पेटी त्यांच्यासाठी जणू बेतलेलीच होती. दोन्हीकडे देवाणघेवाण कोणत्याही ठरावाशिवाय झाली. गाणाऱ्याला ज्याची गरज होती ते त्याने उचलले. मराठी संगीताच्या जिवंतपणाचा यापेक्षा चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

याच दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या, आणि फिरत्या नाटक कंपन्यांच्याही, दृष्टीने मोठी घटना घडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये धावू लागली. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथे मोठ्या गाडीतून उतरायचे आणि छोट्या गाडीने गावात यायचे. हा फाटा १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारपेठा नाटक कंपन्यांना हव्याच असत, कारण हंगामात तेथे हातात पैसा खेळत असे. रूळ आले आणि पडदे, कपड्यांचे पेटारे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये असा सारा पसारा घेऊन आडबाजूच्या गावांना जाणे कंपन्यांच्या आवाक्यात आले. कुर्डुवाडीला प्रत्येक डाग एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पायाच्या ऑर्गनचे ओझे चार माणसांचे. आत शेकड्यांनी नाजूक रीड, कातडी झडपा, कापडी भाता. तो न आपटता उतरवणाऱ्या हमालांची नावे कोणत्याही हँडबिलावर छापली गेली नाहीत, तरी संगीत नाटक गावोगाव पोहोचले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

१९०० चे दशक : मिरज

नारायण श्रीपाद राजहंस हा कोवळा गायक किर्लोस्कर मंडळीत आला तो १९०५ मध्ये. त्याआधीची हकिकत मिरजेशी जोडलेली आहे. मुलाच्या कानाचे दुखणे बळावले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेला मिशन हॉस्पिटलात, डॉ. वॉन्लेस यांच्याकडे उपचारांसाठी पाठवले. मिरजेतच किर्लोस्कर मंडळीच्या जाणत्यांनी त्याचे गाणे ऐकले आणि पुढे तो शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी दिलेले ‘बालगंधर्व’ हे नाव त्याच्याबरोबर आले होते. ऑर्गन आणणाऱ्या मिशनऱ्यांच्याच जगातल्या एका दवाखान्याने संगीत रंगभूमीला तिचा कान परत दिला, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या दशकाअखेर वाद्याबद्दलची शास्त्रीय चर्चाही पेटली. पेटीचे बारा सूर आधीच ठरलेले. आपल्या रागांना लागणारे सूक्ष्म श्रुतिभेद त्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. कृ. ब. देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिहार्मोनियम घडवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर बराच खल झाला. रोजच्या वापरात ते वाद्य रुजले नाही. पण पेटीवर बसणाऱ्या प्रत्येकाला या वादाने एक जाणीव दिली: पट्टी खोटी ठरणार नाही अशा जागी बोट टाकायचे, आणि जेथे पट्टीचा सूर गळ्याशी भांडेल तेथे हात उचलून गप्प बसायचे.

१९१० चे दशक : गंधर्व नाटक मंडळीची स्थापना

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती. तरी प्रयोग झाला. या नाटकाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. पेटीवादक म्हणून त्यांचे नाव आधीच दुमदुमले होते, आणि पेटीवर बसून सुचलेल्या चाली म्हणजे काय हे ‘मानापमान’ ऐकताना कळते. ठुमरीची नखरेल वळणे नाटकाच्या पदात आली आणि तीही सुरांच्या नेमक्या, स्वच्छ पायऱ्यांनी.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.  सुरुवातीचे दिवस ओढाताणीचे होते. मातृसंस्थेतून बाहेर पडून नवे पडदे, नवे कपडे, नवी माणसे उभी करायची होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसारखे आश्रयदाते लाभले आणि मंडळी सावरली. पुढे यथावकाश टेंबे आणि बोडस यांनी स्वतंत्र मार्ग धरले. तिघांचे आरंभीचे कष्ट मात्र मंडळीच्या पायात कायम राहिले.

१९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. संगीत भास्करबुवा बखल्यांचे. घराण्यांच्या मैफलीतल्या बंदिशी आता रुक्मिणीच्या तोंडी होत्या आणि प्रेक्षक एकेका पदाला पुन्हा पुन्हा ‘वन्समोअर’ मागत. वन्समोअर म्हणजे साथीदाराची कसोटी. नट प्रत्येक वेळी नवा विस्तार करणार, नव्या जागी थांबणार, आणि ऑर्गनने त्याच्या आधीही जायचे नाही आणि मागेही पडायचे नाही. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. राम गणेश गडकरी तो पाहायला नव्हते. आदल्याच महिन्यात त्यांचे निधन झाले होते. त्याची नायिका सिंधू हिच्या पदांना लागणारा करुण, मंद सूर हा ऑर्गनच्या शोषलेल्या वाऱ्याचा सूर आहे. दाबलेल्या हवेची कर्कश पेटी तेथे चालली नसती.

१९२० चे दशक : वैभवाचा काळ

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका पडद्यामागे आल्या. तीनच महिन्यांनी केशवराव गेले आणि तो प्रयोग दंतकथा झाला.

याच काळात गंधर्व मंडळीचा वाद्यवृंद नावारूपाला आला. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. ऑर्गन आला म्हणून सारंगी गेली नाही, हे या मंडळीचे खास शहाणपण. सारंगी गळ्याची सावली होऊन चाले आणि ऑर्गन पायाखालच्या जमिनीसारखा स्थिर राही. मंडळीने दोघांनाही मान दिला, आणि त्या दुहेरी साथीचा नाद आजही जुन्या ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो. तबकडीवर मावणाऱ्या तीन-सव्वातीन मिनिटांत ऑर्गनचे तुकडे थोडेच आहेत. पण पदाच्या सुरुवातीला तो जो दोन आवर्तनांचा पट मांडतो, त्यावरून राग, लय आणि प्रसंगाचा रंग, तिन्ही कळतात.

हे वादन कसे चाले हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. पायाच्या ऑर्गनला साधारण पाच सप्तके असतात. पट्ट्यांच्या वरच्या फळीवर ओढायचे स्टॉप असतात; एक ओढला की खर्जाचे रीड उघडतात, दुसऱ्याने मृदू रीड, तिसऱ्याने कंप पावणारा सूर मिळतो. गुडघ्याच्या बाजूला लाकडी दांडे असतात. ते गुडघ्याने ढकलले की आवाज फुलतो, सोडले की मिटतो. पाय भाता चालवतात आणि पायाच्या दाबातूनही सूर लहानमोठा होतो. म्हणजे वादकाचे दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे असे सगळे अंग कामाला लागते. पट्टीच्या वाद्यात मींड निघत नाही हे खरे. पण चांगला वादक एक पट्टी सुटण्याआधी दुसरी धरतो, त्याच क्षणी पायाचा दाब किंचित कमी करतो, आणि ऐकणाऱ्याला सूर घसरल्याचा भास होतो. डावा हात खालच्या सप्तकात षड्ज-पंचम धरून ठेवतो. हे तंत्र कोणत्याही परदेशी पुस्तकात नव्हते. ते मराठी नाटकगृहांत, रात्रीमागून रात्री, नटाच्या तोंडाकडे बघत घडले. जे उपकरण प्रार्थनेच्या चार सुरावटींसाठी घडवले होते, त्यातून रागदारीची साथ काढणाऱ्या या पिढीने वाद्य नव्याने घडवले असे म्हणणे मुळीच अतिशयोक्त नाही.

‘द्रौपदी’सारख्या भव्य नाटकांवरच्या खर्चाने मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. बालगंधर्वांनी आणि मंडळीतल्या लहानथोर सगळ्यांनी खेळ करून तो फेडला. आचारी, शिंपी, पडदे ओढणारे, मेण आणि रंग सांभाळणारे, सगळ्यांनीच त्या वर्षांत कळ सोसली.

१९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे मिरजेपर्यंत गेली. तंबोऱ्यांच्या कारागिरांचे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे मिरज आता छोट्या गाडीने पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि लातूरशी जोडले गेले.

१९३० चे दशक : बोलपटाचा तडाखा

मूकपटांच्या काळात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांनी वुर्लिट्झरसारख्या कंपन्यांकडून प्रचंड ऑर्गन घेतले. रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनांवर ते उभे होते: विजेवर उघडणाऱ्या झडपा, भिंतीआड दडवलेल्या नळ्या, घंटा आणि ढोलही पट्टीवर. वुर्लिट्झरनेच असे दोन हजारांहून अधिक ऑर्गन बनवले. मराठी गावांत मूकपटाच्या पडद्याजवळ पेटी आणि तबला असे. १९२७ नंतर बोलपट आले आणि दोन्हीकडच्या वादकांवर एकच पाळी आली.

मराठी नाटकाला तर दुहेरी फटका बसला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचे. रंगभूमीचेच लोक पडद्यावर गेले. गावोगावची नाटकगृहे चित्रपटगृहे झाली. कंपन्या एकामागून एक बंद पडू लागल्या. गंधर्व मंडळीने १९३१ मध्ये मास्टर कृष्णरावांच्या संगीताने ‘कान्होपात्रा’ देऊन शर्थ केली. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथ झाले, पण त्यांचा जीव रंगमंचातच होता आणि ते तेथेच परतले.

कंपनी मोडली की सामानाची पांगापांग होई. पडदे जीर्ण होत, कपडे विकले जात. ऑर्गन मात्र टिके. त्याला नवे घर मिळे: एखाद्या गायनक्लासात, भजनी मंडळात, रसिकाच्या वाड्यात.

१९४० आणि १९५० ची दशके : बंदी आणि नव्या संस्था

१९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला मनाई केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. बारा ठरीव सुरांचा जुना आक्षेप आता सरकारी नियम झाला. केंद्रावर गाणाऱ्यांना सारंगी किंवा व्हायोलिन घ्यावे लागे. रंगभूमीने हा नियम मानण्याचा प्रश्नच नव्हता. नाटकात ऑर्गन वाजत राहिला, आणि पेटीची परंपरा या कठीण वर्षांत अखंड राहिली ती मोठ्या प्रमाणात नाटकांमुळे आणि कीर्तनांमुळे.

१९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ आणले. ज्योत्स्ना भोळे गात होत्या, संगीत मास्टर कृष्णरावांचे. पदे आटोपशीर झाली आणि साथही सुटसुटीत झाली. १९४३ मध्ये सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. भालेरावांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सव भरवून जुनी संगीत नाटके पुन्हा प्रेक्षकांसमोर आणली. १९४९ मध्ये जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि संगीत नाटकाचे व्रत घरादारासकट स्वीकारले. भालचंद्र पेंढारकरांनी ललितकलादर्श नव्याने उभी केली. १९५७ मध्ये ‘दुरितांचे तिमिर जावो’ गाजले. 

१९६० चे दशक : नवी पालवी

विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० मध्ये आले, वसंत देसाईंच्या संगीतासह. १९६४ मध्ये वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ आले आणि वसंतराव देशपांड्यांनी त्यातली खाँसाहेबांची भूमिका अजरामर केली. अभिषेकींच्या चाली ऑर्गनला नव्या वाटेने नेणाऱ्या होत्या. पदे लहान, पण वळणे अनपेक्षित; गोव्याच्या मातीतला सूर आणि रागदारी यांचा मेळ. या काळातल्या अनेक संगीत नाटकांना ऑर्गनची साथ गोविंदराव पटवर्धन यांची होती. १९२५ ते १९९६ हा त्यांचा काळ. साथ करताना गायकाच्या मनातली पुढची जागा त्यांच्या बोटांना आधी कळते, असे गायक सांगत.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी गेले. पुण्यातल्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ मध्ये बसली होती. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मतिथीला, बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांड्यांनी जीव ओतला होता, आणि ते स्वतः पेटीवर रमणारे होते.

१९७० नंतर

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीची बंदी सैल झाली. तोवर ध्वनिवर्धक सगळीकडे पोहोचले होते. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. तो काखेत मारून नेता येतो आणि हवेप्रमाणे उतरत नाही. पुष्कळ संस्थांनी सोयीसाठी तो घेतला. तरी संगीत नाटकाच्या जाणत्या दर्दींना त्या सुरात श्वास सापडत नाही. कीबोर्डवर बोट ठेवले की सूर एका मापाचा येतो. ऑर्गनचा सूर भात्याबरोबर उगवतो, फुगतो आणि मावळतो, आणि गाणाऱ्या माणसाच्या छातीत नेमके हेच होत असते.

कीर्ती शिलेदार यांनी २०२२ मध्ये जगाचा निरोप घेईपर्यंत ‘मराठी रंगभूमी’ची परंपरा चालवली. राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेमुळे लहान गावांतल्या हौशी संस्थांना ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ आणि ‘मानापमान’ बसवण्याचे निमित्त मिळत राहते. राजीव परांजपे, आदित्य ओक यांच्यासारखे वादक ऑर्गन गांभीर्याने वाजवतात आणि त्याचे एकल कार्यक्रमही होतात. कोकणात राजापूर तालुक्यात नवे ऑर्गन घडवण्याचे काम झाले, ही मोठीच आशेची गोष्ट आहे, कारण परदेशातल्या मूळ कंपन्यांनी असे ऑर्गन बनवणे केव्हाच थांबवले.

जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीचे काम मात्र नेटाने करायला हवे. उंदीर नमदा कुरतडतात, वाळवी फळ्या पोखरते, भात्याचे कापड विरते, झडपांचे कातडे कडक होते. रीड सहसा मरत नाहीत. मळ काढला आणि हलक्या हाताने मिळवले की शंभर वर्षांनीही बोलतात. सोलापूर जिल्ह्यात, बार्शी-पंढरपूर भागात, जुन्या वाड्यांत, शाळांत, भजनी मंडळांत आणि चर्चच्या मागच्या खोल्यांत असे ऑर्गन झाकून ठेवलेले असू शकतात. ज्यांच्याकडे असा ऑर्गन असेल त्यांनी पट्ट्यांच्या वरच्या फळीवरचे कारखान्याचे नाव टिपावे आणि मागची फळी काढून आतला क्रमांकही पाहावा. एस्टीसारख्या कंपन्यांच्या क्रमांकावरून वाद्य कोणत्या सुमारास बनले हे काढता येते. त्याबरोबर ते घरात कोणाकडून आले, कोणत्या कंपनीबरोबर फिरले, कोण वाजवत होते, एवढे घरातल्या ज्येष्ठांकडून लिहून घेतले तरी या जिल्ह्याच्या संगीत रंगभूमीच्या नोंदवहीतली बरीच कोरी पाने भरून निघतील.